मॅडम, म्हैस औषध प्यायली!

पावसाळ्यात असा फोन आला की माझा पहिला प्रश्न ठरलेला असतो, "कसलं औषध?" आपल्याकडे हा शब्द फार ऐसपैस आहे. जंताचं औषध, तापाचं औषध, उंदराचं औषध आणि कपाशीवर मारतात तेही औषधच. गावात कुणी हळू आवाजात "त्यानं औषध घेतलं" म्हणालं तर ऐकणाऱ्याच्या पोटात गोळा येतो, कारण ते कुठलं औषध हे सांगावं लागत नाही. त्या दिवशी फोनवरचं औषध फवारणीचं होतं. बांधावर ड्रममध्ये कीटकनाशक कालवून ठेवलेलं, माणसं झाडाखाली जेवायला बसलेली आणि म्हशीचं दावं सुटलेलं.

पशुवैद्यकीय महाविद्यालयात हा विषय ‘औषधशास्त्र व विषशास्त्र’ असा जोडनावानेच शिकवतात. एकच विभाग, तेच शिक्षक, बऱ्याचदा तोच पदार्थ दोन्ही पुस्तकांत. इंटर्नशिप धरून साडेपाच वर्षांच्या पदवीत मुलं या विषयाला घाबरतात ती पाठांतरामुळे. नावं लांबलचक, मात्रा शेकडो आणि त्याही जनावरागणिक वेगळ्या. मीही घाबरायचे. गोठ्यात काम करायला लागल्यावर कळलं की त्या ‘जनावरागणिक वेगळ्या’मध्येच सगळा विषय आहे. माणसांच्या डॉक्टरला एकाच जातीचा प्राणी तपासायचा असतो. आमच्याकडे सकाळी गाय, दुपारी मांजर, संध्याकाळी कोंबड्या आणि मध्येच कुणाचा तरी घोडा. एकाला जे तारतं ते दुसऱ्याला मारू शकतं. असं का होतं, ते सांगण्यासाठी हा लेख.

या शास्त्रात दोन प्रश्न सतत विचारले जातात. औषध शरीरात जाऊन काय करतं, हा एक. शरीर त्या औषधाचं काय करतं, हा दुसरा. लोकांना पहिला प्रश्न माहीत असतो: ताप उतरतो, जंत पडतात, दुखणं थांबतं. दुसरा सहसा कुणाच्या मनात येत नाही. औषध आतड्यातून रक्तात किती शिरलं, रक्तातून कुठे कुठे पोहोचलं, यकृतानं त्याची मोडतोड कशी केली आणि मूत्रपिंडानं ते बाहेर कधी टाकलं, हा सगळा प्रवास त्या दुसऱ्या प्रश्नात येतो. प्रत्येक जातीच्या जनावराचा रस्ता वेगळा असतो. आमचे बहुतेक घोटाळे या प्रवासातच होतात.

त्याआधी वजनाची अडचण असते. मात्रा किलोमागे ठरते आणि गोठ्यात वजनकाटा नसतो. मग टेप काढायची. छातीचा घेर इंचात मोजायचा, त्याचा वर्ग करायचा, खांद्याच्या टोकापासून पुठ्ठ्याच्या टोकापर्यंतच्या लांबीनं गुणायचं आणि ३०० नं भागायचं. उत्तर पौंडांत येतं. घेर ६४ इंच आणि लांबी ५६ इंच असलेली गाय सुमारे ७६५ पौंड, म्हणजे ३४७ किलो भरते. नुसत्या डोळ्यानं बघून मालक तिला "पाच क्विंटलची तरी असेल" म्हणतात. त्या अंदाजानं सुई भरली तर जवळजवळ दीडपट औषध जातं.

आता गाईच्या पोटात जाऊ. रवंथ करणाऱ्या जनावराचं कोटीपोट म्हणजे शंभर लिटरहून मोठा आंबवणीचा हौद. त्यात कोट्यवधी सूक्ष्मजीव कडबा कुजवून गाईला जेवण तयार करून देतात. या जनावराला तोंडावाटे काही दिलं की ते आधी या सूक्ष्मजीवांच्या हाती लागतं. प्रतिजैविकाच्या गोळ्या मोठ्या गाईला खाऊ घातल्या तर दुखणं राहतं बाजूला आणि कोटीपोटातली ही वस्तीच मरते. गाय चारा सोडते. तान्ह्या वासराचं कोटीपोट अजून तयार झालेलं नसतं, म्हणून त्याला तोंडावाटे दिलेलं चालतं. आई आणि वासरू एकाच दावणीला, पण औषधाच्या दृष्टीनं दोन वेगळे प्राणी.

हाच हौद कधी कधी विषाचा कारखाना होतो. ज्वारीचं उदाहरण घेऊ. सोलापूर-मंगळवेढ्याच्या पट्ट्यात ज्वारी म्हणजे घरातली भाकरी आणि दावणीतला कडबा. वाळलेला कडबा जनावर वर्षभर खातं, काही होत नाही. पण कोवळी ज्वारी, पावसानं ताण दिल्यावर खुरटलेली ज्वारी, किंवा कापणीनंतर खोडव्यातून आलेले लुसलुशीत फुटवे खाल्ले की दहा-पंधरा मिनिटांत जनावर कोसळू शकतं.

ज्वारीच्या कोवळ्या पानात धुरिन नावाचा पदार्थ असतो. तो आपल्या जागी निरुपद्रवी असतो. त्याला फोडणारं विकर, म्हणजे एन्झाइम, पानाच्या वेगळ्या पेशींत ठेवलेलं असतं. झाडानं दोन्ही वस्तू निरनिराळ्या खोल्यांत कुलूपबंद केल्यात म्हणा ना. जनावरानं पान चावलं की भिंती फुटतात, दोन्ही एकत्र येतात आणि सायनाइड सुटतं. कोटीपोटातले सूक्ष्मजीव त्यात हातभार लावतात. घोड्याच्या जठरात तीव्र आम्ल असतं, ते त्या विकराला मारतं. म्हणून तोच चारा घोड्यापेक्षा गाईला जास्त धोक्याचा. झाड वाळलं की सायनाइड बरंचसं उडून जातं, त्यामुळे कडबा चालतो.

हिशोब करून पाहा. किलोमागे सुमारे २ मिलिग्रॅम हायड्रोसायनिक आम्ल बहुतेक जनावरांना पुरेसं घातक असतं. ४०० किलोच्या गाईला ८०० मिलिग्रॅम. एक किलो हिरव्या चाऱ्यात २०० मिलिग्रॅम असेल तर तो चारा विषारी धरतात. म्हणजे चार किलो. भुकेली गाय हिरव्या फुटव्यांत मोकळी सुटली तर चार किलो खायला तिला किती वेळ लागतो, ते मालकाला सांगायला नको.

सायनाइड रक्तातला प्राणवायू कमी करत नाही. प्राणवायू पेशीच्या दारापर्यंत व्यवस्थित येतो. आत ज्या यंत्रणेनं तो वापरायचा, तिच्यातल्या लोहाला सायनाइड घट्ट चिकटतं आणि यंत्रणा ठप्प होते. पुढ्यात ताट वाढलेलं आणि तोंड शिवलेलं. न वापरलेला प्राणवायू रक्तात तसाच फिरत राहतो, म्हणून शिरेतून काढलेलं रक्तही लालभडक दिसतं. जनावर गुदमरतंय आणि रक्त मात्र चेरीसारखं लाल, हे पहिल्यांदा पाहिलं तेव्हा माझा डोळ्यांवर विश्वास बसला नव्हता.

खात्री करायची एक जुनी, स्वस्त पद्धत आहे. गाळणकागदाची पट्टी पिक्रिक आम्ल आणि धुण्याच्या सोड्याच्या द्रावणात भिजवून वाळवायची. ती पिवळीधमक होते. पोटातला चारा बाटलीत घ्यायचा, पट्टी बुचाला अडकवून आत लोंबती ठेवायची, चाऱ्याला टेकू द्यायची नाही. बाटली कोमट ठेवायची. सायनाइड असेल तर पिवळी पट्टी नारिंगी होत होत विटकरी लाल होते. यंत्र लागत नाही, वीज लागत नाही.

यावरचा उतारा म्हणजे या शास्त्रातला माझा सर्वांत आवडता धडा. आधी शिरेतून सोडियम नायट्राइट द्यायचं. नायट्राइट स्वतः विष आहे. ते रक्तातल्या हिमोग्लोबिनचं रूप पालटतं आणि हे पालटलेलं हिमोग्लोबिन प्राणवायू वाहायच्या कामाचं राहत नाही. पण त्यातल्या लोहाकडे सायनाइड जास्त ओढीनं जातं, पेशीतली पकड सोडतं आणि तिथे येऊन अडकतं. पाठोपाठ सोडियम थायोसल्फेट द्यायचं. जुन्या फोटो स्टुडिओत फिल्म धुताना वापरत तो ‘हायपो’ म्हणजे हेच. शरीर त्याच्यातलं गंधक घेऊन सायनाइडचं थायोसायनेट बनवतं आणि ते लघवीवाटे निघून जातं. म्हणजे गाईला मोजून-मापून एक विष द्यायचं, का तर दुसरं विष बाहेर निघावं म्हणून. मोजमाप चुकलं तर उताराच मारतो. अति तेथे माती म्हणतात, इथे ती मिलिग्रॅममध्ये मोजावी लागते.

तेच नायट्राइट दुसऱ्या वाटेनंही गाईच्या अंगात शिरतं. भरपूर युरिया टाकलेलं हिरवं पीक किंवा पाण्याच्या ताणात वाढलेला चारा नायट्रेट साठवतो. कोटीपोटातले सूक्ष्मजीव नायट्रेटचं नायट्राइट करतात. या गाईचं रक्त चॉकलेटी निघतं आणि तिला मिथिलीन ब्लू हे निळं औषध लागतं. दोन्ही गाई धापा टाकतात, दोन्ही चाऱ्यानंच आजारी पडलेल्या असतात. चॉकलेटी रक्ताच्या गाईला सायनाइडचा उतारा म्हणून नायट्राइट टोचलं तर आगीत तेल. म्हणून सुई भरण्याआधी शिरेतलं थोडं रक्त पांढऱ्या कापसावर घेऊन उजेडात बघायचं.

पोटातून पुढे यकृत. इथे परक्या पदार्थांची मोडतोड होते. पाण्यात न विरघळणाऱ्या औषधाला यकृत एक शेपूट जोडतं, मग ते पाण्यात विरघळतं आणि मूत्रपिंडातून बाहेर पडतं. पॅरासिटामॉलला माणसाचं यकृत असं शेपूट सहज जोडतं. मांजराला ते जमत नाही, कारण शेपूट जोडणाऱ्या विकराचा जनुक मांजराच्या कुळात मोडलेला आहे. पिढ्यान्‌पिढ्या निव्वळ मांसावर जगणाऱ्या प्राण्याला झाडपाल्यातली विषं पचवायची गरज पडली नाही आणि ते हत्यार गंजून गेलं, असा त्याचा अर्थ लावतात. मग पॅरासिटामॉल भलत्या वाटेनं जातं, त्यातून जहाल पदार्थ तयार होतो आणि तो मांजराच्या रक्तावर तुटून पडतो. हिरड्या तपकिरी, तोंड आणि पंजे सुजलेले, धाप. चार किलोच्या मांजराला माणसाची ५०० मिलिग्रॅमची एक गोळी जीव घ्यायला पुरेशी आहे.

एक मावशी टोपलीत मांजर घेऊन आल्या होत्या. मांजराचं अंग तापलं म्हणून त्यांनी नातवाच्या गोळीचा तुकडा दुधात चुरून पाजला होता. मांजराच्या हिरड्यांकडे बघून मी विचारलं तेव्हा त्या म्हणाल्या, "लहान लेकरालाबी देतात की हो." त्यांच्या मायेत काहीच खोट नव्हती. लेकरापेक्षा मांजराचं यकृत वेगळं असतं हे त्यांना कुणी कधी सांगितलंच नव्हतं. याला अॅसिटिलसिस्टीन नावाचा उतारा आहे, पण तो वेळेत मिळावा लागतो. कुत्र्याच्या पाठीवर टाकायचं गोचीड-पिसवांचं परमेथ्रीनचं औषध मांजराच्या पाठीवर टाकलं की असाच प्रकार होतो. मांजर थरथरत झटके देऊ लागतं.

यकृताचीच आणखी एक तऱ्हा. बांधावर, माळरानावर घाणेरी पसरलेली असते, कुणी तिला टणटणी म्हणतात. दुष्काळात दुसरं काही नसलं की जनावर तीही खातं. तिच्यातलं विष यकृतातला पित्ताचा प्रवाह अडवतं. हिरव्या पाल्यातल्या हरितद्रव्यापासून पोटात एक पदार्थ रोजच तयार होतो आणि पित्तावाटे निघून जातो. वाट बंद झाली की तो रक्तातून कातडीत येतो आणि ऊन पडलं की तिथे भाजतं. गंमत बघा, बांडी गाय असेल तर पांढरे पट्टेच तेवढे भाजून सोलतात, काळी कातडी शाबूत. मालक म्हणतो, कुणी तरी उकळतं पाणी ओतलं. शेजाऱ्याशी भांडण असलं तर प्रकरण पोलिसांपर्यंतही जातं. दोष असतो बांधावरच्या झुडपाचा. अशा गाईला आधी सावलीत बांधायचं.

जातीजातींतला फरक कुठवर जातो याची आणखी थोडी उदाहरणं. झायलाझिन हे गुंगीचं औषध गाईला घोड्याच्या साधारण एक दशांश मात्रेत पुरतं. घोड्याच्या हिशोबानं गाईला दिलं तर ती उठायचीच नाही. बेलाडोना नावाच्या वनस्पतीतलं अॅट्रोपिन काही सशांच्या रक्तातलं एक विकर चक्क फोडून टाकतं, त्यामुळे तो पाला ते खुशाल खातात. जंतांवरचं आयव्हरमेक्टिन जपानच्या मातीतल्या एका जिवाणूपासून आलं आणि त्याच्या शोधाबद्दल सातोशी ओमुरा व विल्यम कॅम्पबेल यांना २०१५ चं नोबेल मिळालं. गाई, मेंढ्या, घोडे, माणसं, सगळ्यांना त्याचा उपयोग झाला. पण कॉली जातीच्या अनेक कुत्र्यांत मेंदूच्या दारावरचा एक पहारेकरी जन्मतःच नसतो. इतर कुत्र्यांत हा पहारेकरी मेंदूत शिरू पाहणारं औषध परत ढकलतो. कॉलीत ते आत शिरतं आणि कुत्रं बेशुद्ध होतं. इथे तर प्राणीही तोच, नुसता वाण वेगळा.

उंदराच्या औषधाची गोष्ट मात्र सविस्तर सांगायला हवी, कारण ती गोठ्यातून सुरू होते. १९२० च्या दशकात कॅनडा आणि अमेरिकेच्या उत्तरेकडच्या गारठलेल्या पट्ट्यात गुरं रक्त वाहून मरू लागली. शिंगं काढली की रक्त थांबायचं नाही. फ्रँक स्कोफिल्ड या पशुवैद्यानं शोधून काढलं की बुरशी आलेलं क्लोव्हर गवत खाल्लेल्या गुरांनाच हे होतं. १९३३ च्या फेब्रुवारीत विस्कॉन्सिनमधला एक शेतकरी हिमवादळात सुमारे ३०० किलोमीटर गाडी हाकत मॅडिसनच्या विद्यापीठात पोहोचला. बरोबर मेलेली कालवड, ते गवत आणि दुधाच्या कॅनमध्ये न गोठलेलं रक्त. कार्ल पॉल लिंक या रसायनशास्त्रज्ञाच्या प्रयोगशाळेत ते कॅन उतरलं. सहा वर्षं खपून त्यांच्या गटानं १९३९ मध्ये त्या गवतातला दोषी पदार्थ वेगळा केला. पुढे त्याच घराण्यातला वॉर्फरिन १९४८ मध्ये उंदरांसाठी बाजारात आला आणि १९५४ मध्ये रक्त पातळ ठेवायचं औषध म्हणून माणसांसाठी मंजूर झाला. आज आपल्याकडेही हृदयाची झडप बदललेल्या कितीतरी लोकांच्या गोळ्यांच्या डबीत तो असतो.

दुकानात मिळणाऱ्या ब्रोमाडायोलोनच्या वड्या वॉर्फरिनच्याच पुढच्या पिढीतल्या. कुत्र्यानं वडी खाल्ली तरी पहिले दोन-तीन दिवस काही दिसत नाही; मग नाकातून, लघवीतून रक्त सुरू होतं. व्हिटॅमिन के-१ हा त्याचा उतारा, तोही आठवडेच्या आठवडे द्यावा लागतो. पण शेजारच्याच कप्प्यात झिंक फॉस्फाइडची काळी पूड असते. ती पोटात गेली की फॉस्फिन वायू सुटतो आणि त्याला उतारा नाही. दोन्हींना आपण ‘उंदराचं औषध’च म्हणतो. फोनवर एवढंच कळलं तर मी काय भरून न्यायचं?

आतापर्यंत ज्यानं खाल्लं त्याचीच गोष्ट चालू होती. डायक्लोफेनॅकनं आमच्या शास्त्राला शिकवलं की औषध ज्याला दिलं त्याच्यापाशी ते थांबत नाही. हे दुखण्यावरचं, सुजेवरचं औषध. स्वस्त, गुणकारी. लंगडणाऱ्या बैलाला टोचलं की बैल दुसऱ्या दिवशी चालू लागे. १९९० च्या दशकात ते गोठ्यागोठ्यात पोहोचलं. त्याच काळात राजस्थानातल्या भरतपूरच्या केवलादेव राष्ट्रीय उद्यानात डॉ. विभू प्रकाश यांना गिधाडं झाडावर माना टाकून बसलेली, मग झाडाखाली मेलेली दिसू लागली. पांढऱ्या पाठीच्या गिधाडांची भारतातली संख्या १९९२ ते २००७ या काळात ९९ टक्क्यांहून जास्त घटली. आधी सगळ्यांना रोगाचा संशय आला.

खरं कारण पाकिस्तानात सापडलं. लिंडसे ओक्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मेलेली गिधाडं उघडली तर आतल्या अवयवांवर चुना शिंपडल्यासारखा पांढरा थर. ते यूरिक आम्लाचे स्फटिक होते. पक्षी नायट्रोजनयुक्त कचरा यूरिक आम्लाच्या रूपात टाकतात. मूत्रपिंड बंद पडलं की ते अंगात साठतं. कुठलाही जिवाणू-विषाणू सापडेना, तेव्हा त्यांनी विचार केला की गिधाड खातं काय? मेलेली गुरं. आणि मरायच्या आधी गुरांना काय टोचलेलं असतं? २००४ मध्ये हे संशोधन प्रसिद्ध झालं. पाठोपाठ आकडेमोडीनं दाखवलं की शंभर मढ्यांत एकाहूनही कमी मढ्यांत हे औषध असलं तरी एवढी पडझड होऊ शकते, कारण एका मढ्यावर गिधाडांचा अख्खा थवा उतरतो.

भारतानं २००६ मध्ये जनावरांसाठी डायक्लोफेनॅक बंद केलं. तरी माणसांसाठीच्या मोठ्या बाटल्या गोठ्यात येतच राहिल्या, म्हणून २०१५ मध्ये एका बाटलीत ३ मिलिलिटरची एकच मात्रा असावी असा नियम झाला. बदली औषध म्हणून मेलॉक्सिकॅम तपासलं गेलं. ते गिधाडाला चालतं आणि बैलालाही लागू पडतं. अॅसिक्लोफेनॅक गाई-म्हशींच्या अंगात जाऊन डायक्लोफेनॅकच होतं, हे कळल्यावर तेही केटोप्रोफेनसोबत २०२३ मध्ये बंद झालं. मुंबईत मलबार हिलवर पारशी समाजाच्या दख्म्यांत, म्हणजे अंत्यसंस्काराच्या उघड्या मनोऱ्यांत, शवं गिधाडांच्या स्वाधीन करायची शतकानुशतकांची रीत होती. गिधाडं गेली आणि तिथे सूर्याची उष्णता एकवटणारे आरसे बसवावे लागले. बैलाच्या पायातली ठणक आणि एका समाजाचे अंत्यसंस्कार यांच्यात असं नातं असेल, हे औषधाच्या बाटलीवर कुठेच छापलेलं नव्हतं.

मी मेलॉक्सिकॅम लिहून दिलं की अजूनही काही जण म्हणतात, "मॅडम, ते जुनं द्या ना, ते लवकर लागू पडायचं." मी त्यांना गिधाडं आठवतात का ते विचारते. पन्नाशीच्या पुढच्यांना आठवतात: गावाबाहेर ढोर टाकलं की तासाभरात आभाळातून उतरणारी. त्यांच्या मुलांना आठवत नाहीत.

गिधाडासारखेच आपणही गाईचं खातो, फरक इतकाच की आपण दूध पितो. कासेला दगडी झाली, म्हणजे कास सुजून कडक झाली, की सडात प्रतिजैविकाची ट्यूब सोडतात. त्यातलं औषध पुढचे काही दिवस दुधात उतरत राहतं. शिवाय दूध रक्तापेक्षा किंचित आम्ल असतं, त्यामुळे एरिथ्रोमायसिन, टायलोसिन यांसारखी अल्कधर्मी औषधं रक्तातून येऊन दुधात अडकून बसतात. दगडी बरी करायला हे फायद्याचं, पिणाऱ्याला घातक. घरात याची खूण दह्यात दिसते. विरजण चांगलं, हवा उबदार, तरी दूध लागत नाही, नुसतं पाणचट राहतं. दुधात उतरलेलं प्रतिजैविक विरजणातले जिवाणूही मारतं.

म्हणून प्रत्येक औषधाला एक थांबायची मुदत असते. तेवढे दिवस त्या जनावराचं दूध, मांस, अंडी विकायची नाहीत. भारतातल्या नियमाप्रमाणे ही मुदत लेबलवर असावी लागते आणि विशिष्ट मुदत सिद्ध झालेली नसेल तर दूध-अंड्यांसाठी किमान ७ दिवस, मांसासाठी किमान २८ दिवस धरावे लागतात. सात दिवसांचं दूध ओतून द्यायचं म्हणजे घरखर्चाला खिंडार, हे मला माहीत आहे. तरीही सांगायला लागतं, कारण दुधात उरलेल्या थोड्या थोड्या प्रतिजैविकावर पोसलेले जिवाणू त्या औषधाला दाद देईनासे होतात आणि मग माणसाच्या न्यूमोनियालाही ते चालत नाही. याच भीतीनं कोलिस्टिन हे माणसांसाठीचं अखेरच्या फळीतलं औषध २०१९ मध्ये कोंबड्या आणि इतर खाद्य-जनावरांसाठी बंद केलं गेलं.

विषबाधेचा संशय असेल तेव्हा आमचं निम्मं काम चौकशीचं असतं. काल काय बदललं? नवं कुरण, नवी पेंड, नवा रंग दिलेला गोठा, शेजारच्या रानात फवारणी? महामार्गाच्या दुभाजकावरची कण्हेर छाटून कुणी फांद्या दावणीजवळ टाकल्या का? कण्हेर हृदयाचे ठोके बिघडवते आणि वाळलेली पानंही तितकीच विषारी. जनावर दगावलंच तर पोटातला चारा, यकृत, मूत्रपिंड वेगवेगळ्या बरण्यांत, मिठाच्या दाट पाण्यात किंवा बर्फात ठेवून प्रयोगशाळेकडे पाठवायचं. फॉर्मेलिनमध्ये घातलं तर विषाची तपासणी वाया जाते. घाईत ही चूक हमखास होते आणि नुकसानभरपाईचा दावा तिथेच बसतो.

आता त्या म्हशीकडे. मी पोहोचले तेव्हा तोंडातून लाळेच्या तारा, डोळ्यांतून पाणी, पातळ शेण, बाहुल्या टाचणीच्या डोक्याएवढ्या, मांड्यांचे स्नायू फडफडताहेत. ड्रमात काय होतं ते कुणालाच धड सांगता येईना. औषध दुकानातून सुटं, शीतपेयाच्या बाटलीत आणलेलं. मूळ डबा असता तर त्यावरच्या चौकोनातला त्रिकोण लाल की पिवळा, निळा की हिरवा ते दिसलं असतं. लाल सर्वांत जहाल. आतल्या कागदावर उताराही लिहिलेला असतो. पण लक्षणं बोलत होती. मज्जातंतू स्नायूला, ग्रंथीला निरोप देतात तो एका रसायनाच्या थेंबानं आणि निरोप पोहोचला की एक विकर तो थेंब लगेच पुसून टाकतं. ऑर्गॅनोफॉस्फेट गटातलं कीटकनाशक त्या पुसणाऱ्यालाच जखडतं. निरोप पुसलाच जात नाही. लाळ थांबत नाही, स्नायू थांबत नाहीत, फुप्फुसात पाणी साचतं.

घरच्यांनी तूप पाजायची तयारी केली होती. मी ते बाजूला ठेवायला लावलं. अशी विषं तेला-तुपात विरघळून आणखी वेगानं अंगात शिरतात आणि गिळता न येणाऱ्या जनावराच्या फुप्फुसात ते जातं ते वेगळंच. अॅट्रोपिन भरलं. थोडं शिरेत, बाकीचं कातडीखाली. धोतऱ्यात जे असतं तेच हे. निरोप जिथे घेतला जातो त्या जागेवर ते आधीच जाऊन बसतं. तोवर मुलांनी साबणाच्या पाण्यानं म्हशीचं तोंड, मान, पुढचे पाय धुतले. पाऊण तासानं लाळेच्या तारा तुटल्या, छातीतली घरघर कमी झाली. आणखी दिलं असतं तर कोटीपोट थांबून फुगलं असतं, म्हणून मग डाव्या भकाळीवर, म्हणजे बरगड्यांमागच्या खळग्यावर, मूठ दाबून नुसतं बसून राहायचं, आतली घुसळण जाणवेपर्यंत. दोन मिनिटांत एकदा. मग लवकर लवकर.

दुसऱ्या दिवशी सकाळी मालकांचा फोन आला. रवंथ करतेय म्हणाले. मग विचारलं, "दूध डेअरीला घालू का?" मी म्हटलं, आठवडाभर ओतून द्या, तिनं प्यायलेल्या औषधासाठी आणि मी दिलेल्या औषधासाठी. पलीकडे जरा वेळ कुणी बोललं नाही.

"रेडकाला पाजलं तर?"

रेडकालाही नको.